विमान तेच, पिच तेवढीच, मग खांदे का घासतात?

प्रश्न: चार वर्षांपूर्वी ७७७ विमानाने चौदा तासांचा प्रवास केला होता. इकॉनॉमीत बसूनही तेव्हा फारसं अवघडलो नव्हतो. यंदा त्याच कंपनीच्या ७७७ नेच गेलो आणि रात्रभर शेजाऱ्याचा दंड माझ्या दंडाला घासत राहिला. कंपनीच्या वेबसाइटवर सीट पिच तेव्हाही ३२ इंच होती, आजही ३२च आहे. मग हा भास, की माझं वाढलेलं वजन? पुढच्या वेळी आई-वडील सोबत आहेत, दोघंही सत्तरीपुढचे. वडील खांद्याने रुंद, त्यांचा डावा गुडघा नीट वाकत नाही. आईला दर दोन तासांनी उठावं लागतं. तीन पर्याय दिसतात: तेच थेट ७७७, दुसऱ्या कंपनीचं थेट ए३५०, थोडं महाग, आणि एक थांबा घेऊन ७८७, सगळ्यांत स्वस्त. कोणतं घ्यावं? पैसे भरून एक्स्ट्रा लेगरूमच्या सीट घेतल्या तर प्रश्न सुटेल का? आणि कंपनीकडे तक्रार करून काही होतं का?

उत्तर: भास नाही, आणि वजनाला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासा. जुन्या प्रवासाचा केबिनमधला एखादा फोटो सापडला तर दोन वाटांच्या मधल्या गटात किती सीट आहेत ते मोजा. तेव्हा तीन असतील आणि आता चार, तर उत्तर तिथेच मिळालं. तुमच्या वर्णनावरून तसंच झालेलं दिसतं. आधी रांगेत नऊ जण बसायचे, आता दहा बसतात. विमानाची भिंत तिथेच आहे.

पिच बघून हे कधीच कळत नाही. पिच म्हणजे तुमच्या सीटवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. ते माप पुढे-मागे जातं आणि त्यात पाठीची जाडीही धरलेली असते. डावी-उजवीकडे किती जागा आहे, याबद्दल पिच काहीच सांगत नाही. कंपन्या आणि तिकीट शोधायच्या साइट्स मात्र पिचच पुढे करतात. गूगल फ्लाइट्सवर लेगरूम इंचात दिसते, रुंदीचा रकाना नाही. त्यामुळे आडवी जागा कापली तरी जाहिरातीतला आकडा तोच राहतो.

आता आकडे मांडून पाहू. ७७७ ची केबिन सर्वांत रुंद जागी सुमारे २३१ इंच आहे. नऊच्या मांडणीत, म्हणजे ३-३-३ मध्ये, सीटची गादी साधारण साडेअठरा इंच. नऊ सीटांचे झाले १६६.५. आर्मरेस्ट सीटांपेक्षा जास्त असतात, कारण प्रत्येक गटाला एक जादा लागतो; तीन गटांचे बारा, दोन-दोन इंचांचे, म्हणजे २४. उरलेल्या जागेत दोन वाटा, प्रत्येकी सुमारे १९ इंच. बेरीज २२८.५, आणि भिंतीलगत बोटभर फट.

दहाच्या मांडणीत, म्हणजे ३-४-३ मध्ये, गादी १७ इंचांवर येते: १७०. आर्मरेस्ट तेरा: २६. वाटा १७-१७ इंचांच्या: ३४. बेरीज २३०. बसलं सगळं! दहावी सीट आकाशातून पडलेली नाही. प्रत्येक गादीतून दीड इंच, प्रत्येक वाटेतून दोन इंच आणि भिंतीलगतची फट, एवढं गोळा करून ती उभी केली आहे.

दीड इंच म्हणजे पावणेचार सेंटीमीटर. कंबरेला ते फारसं जाणवत नाही, कारण बहुतेकांची कंबर १७ इंचांत मावते. अडचण खांद्यांची आहे. चांगल्या बांध्याच्या पुरुषाचे खांदे दंडासकट साधारण १९ ते २० इंच भरतात, अंगात जाकीट असेल तर आणखी. म्हणून गादीच्या रुंदीपेक्षा एक वेगळं माप लक्षात ठेवा: तुमच्या सीटच्या मध्यापासून शेजारच्या सीटच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे गादी अधिक एक आर्मरेस्ट. नऊच्या ७७७ मध्ये हे अंतर साडेवीस इंच. दोन रुंद माणसं शेजारी बसली तरी दंडांमध्ये अर्धा-एक इंच हवा खेळते. दहाच्या ७७७ मध्ये ते १९. तिथे हवा संपते आणि दंडाला दंड लागतो. म्हणजे तुम्हाला जे जाणवलं ते दीड इंचाचं साधं गणित आहे. त्या शेजाऱ्यालाही तुमच्याबद्दल असंच वाटत असणार.

हे एका रात्रीत झालेलं नाही. ७७७ सेवेत आलं १९९५ मध्ये, युनायटेडकडे, आणि तेव्हा नऊ सीट हाच रिवाज होता. काहींनी ३-३-३ केलं, युनायटेडने २-५-२. मग एमिरेट्ससारख्या कंपन्यांनी त्याच नळकांड्यात दहा बसवून दाखवल्या आणि हळूहळू बाकीच्या मागे गेल्या. कॅथे पॅसिफिकसारखी नावाजलेली कंपनीसुद्धा २०१८ पासून आपली ७७७ नवावरून दहावर आणू लागली. कारण सरळ आहे. इकॉनॉमीत तीस रांगा धरल्या तर तीस सीट वाढतात, म्हणजे ११ टक्के. विमान तेच, वैमानिक दोनाचे तीन होत नाहीत, इंधनात थोडीशीच भर पडते. शौचालयं मात्र तेवढीच राहतात, हे तुमच्या आईच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखं.

७८७ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. ते विमान २०११ मध्ये सेवेत आलं तेव्हा रांगेत आठ सीटांची, २-४-२ मांडणी डोळ्यांपुढे होती. केबिन सुमारे २१६ इंच, त्यात आठ सीट साडेअठरा-एकोणीस इंचांच्या ऐसपैस बसतात. पण जवळजवळ सगळ्यांनी नऊ बसवल्या. आंतरराष्ट्रीय मार्गांवर आठवर टिकून राहिलेली ठळक कंपनी म्हणजे जपान एअरलाइन्स. एअरबसने २०१३ मध्ये लांब पल्ल्यासाठी किमान १८ इंचांची सीट असावी अशी मोहीमच काढली होती, ७७७ आणि ७८७ बनवणाऱ्या बोइंगला टोमणा म्हणून. पुढे त्याच एअरबसने ए३५० च्या बाजूच्या भिंती पातळ करून आतून सुमारे चार इंच काढले आणि दहा सीटांच्या मांडणीची सोय केली. तेव्हा कोणाच्या घोषणेवर विसंबू नका. बोइंगही नव्या ७७७एक्सच्या भिंती आतून कोरून चार इंच मिळवते आहे, त्याच दहा सीट जरा सुसह्य करायला.

इथे एक सापळा आहे. तुम्ही कुठेतरी वाचाल की ३-३-३ चांगलं, ३-४-३ वाईट. विमान न सांगता हे वाक्य निरर्थक आहे. ३-३-३ ही मांडणी ७७७ मध्ये असेल तर दोन मध्यांमधलं अंतर साडेवीस इंच. ए३५० मध्ये, जिथे केबिन सुमारे २२१ इंच आहे, १८ ची गादी धरून २० इंच. ७८७ मध्ये गादी १७ च्या जरा पुढे, म्हणजे अंतर १९ आणि थोडंसं. दहाच्या ७७७ पेक्षा ते फक्त नखभर जास्त. आणि ए३३० मध्ये, जिची केबिन २०८ इंच, ३-३-३ केलं तर गादी साडेसोळाच्या आसपास येते आणि अंतर साडेअठरा. ए३३० ला २-४-२ शोभतं, त्यात १८ इंचांची सीट मिळते. नऊची मांडणी काही स्वस्त कंपन्या करतात. ए३८० चा खालचा मजला ३-४-३ असूनही मोकळा वाटतो, कारण त्याचं नळकांडंच रुंद आहे. म्हणजे रांगेतल्या सीट मोजायच्या त्या विमानाचं नाव शेजारी लिहूनच.

हे तिकीट काढण्याआधी कसं तपासायचं? बुकिंगच्या पानावर ‘तपशील’ उघडला की विमानाचा प्रकार दिसतो, कधी नुसता तीन अक्षरी कोड असतो. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर. ७८८ आणि ७८९ म्हणजे ७८७ चे छोटे आणि मधले भाऊ. ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३५१ म्हणजे ए३५०-१०००. ३३३ जुनं ए३३०, ३३९ नवं. ३८८ म्हणजे ए३८०. त्याच ओळीत ‘ऑपरेटेड बाय’ काय लिहिलंय ते वाचायला विसरू नका. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक आणि उडवणारी दुसरीच, असं कोडशेअरमध्ये सर्रास होतं, आणि सीट उडवणाऱ्या कंपनीच्या असतात.

मग सीट मॅप उघडा. पैसे भरायच्या आधीच तो बहुतेक ठिकाणी बघता येतो. रांगेतली अक्षरं मोजा. ए-बी-सी, डी-ई-एफ-जी, एच-जे-के असं दिसलं तर दहा. मधल्या गटात तीनच अक्षरं असली तर नऊ. आय हे अक्षर एक या आकड्यासारखं दिसतं म्हणून गाळलेलं असतं, ते मोजण्यात धरू नका. मोजणी केबिनच्या मध्यावरच्या रांगेत करा. शेपटीकडे विमान निमुळतं होतं आणि तिथे सीट कमी होतात, त्यावरून फसगत होते. कंपनीच्या मॅपमध्ये चौकोन सगळे सारखेच काढलेले असतात, त्यांच्या आकारावर जाऊ नका. प्रमाणात काढलेले नकाशे हवे असतील तर एअरोलोपा ही साइट बघा. तिथे एकाच कंपनीच्या एकाच विमानाच्या दोन-तीन आवृत्त्या वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात, आणि नेमकी तीच तर मेख आहे. नूतनीकरण चालू असेल तर काही वर्षं जुनी नवाची आणि नवी दहाची, दोन्ही विमानं त्याच मार्गावर उडत असतात. तुमच्या तारखेचा सीट मॅप हाच त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा.

तुमच्या तीन पर्यायांचं. आम्ही ए३५० घ्यायला सांगू, सीट मॅपमध्ये नऊ अक्षरं दिसली तर. दहा दिसली तर नको, कारण दहाच्या ए३५० मध्ये अंतर दहाच्या ७७७ इतकंच किंवा त्याहून कमी भरतं. सिंगापूर एअरलाइन्सप्रमाणे ७७७ नऊवरच ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, तसं तुम्हाला सापडलं तर ते रुंदीत ए३५० पेक्षाही सरस. पण तुम्ही ज्या ७७७ ने आलात ते नाही. एक थांब्याचं ७८७ खांद्यांच्या हिशेबात जवळपास त्याच दहाच्या ७७७ च्या पंगतीत बसतं. त्याच्या बाजूने एवढंच की आतली हवा सुमारे ६,००० फूट उंचीइतकी ठेवतात, जुन्या विमानांत ती ८,००० पर्यंत जाते, आणि मध्ये उतरून पाय मोकळे होतात. ए३५० मध्येही हवा तितकीच बरी असते. सत्तरीपुढच्या दोघांना घेऊन अनोळखी विमानतळावर टर्मिनल बदलणं हा त्या स्वस्ताईचा न दिसणारा खर्च आहे. वडिलांच्या गुडघ्यासाठी व्हीलचेअर सांगितलीत तर तो थोडा हलका होतो. ती मागणी बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

महाग-स्वस्ताची तुलना करताना ए३५० चं तिकीट नुसतं ७७७ च्या तिकिटाशी ताडून पाहू नका. ७७७ मध्ये तुम्ही तीन सीटांना एक्स्ट्रा लेगरूमचे पैसे भरणारच होतात ना? ते त्यात मिळवा आणि मग बघा.

आणि त्या एक्स्ट्रा लेगरूमबद्दल. ती पाय लांब करायला जागा देते, खांद्यांना देत नाही. उलट बऱ्याचदा थोडी काढून घेते. इमर्जन्सी दाराजवळच्या आणि भिंतीसमोरच्या सीटला पुढे सीट नसते, म्हणून ट्रे आर्मरेस्टच्या आत दुमडलेला असतो आणि स्क्रीनही तिथूनच वर येतो. त्यासाठी आर्मरेस्ट जाड, बाजू बंद आणि वर न उचलता येणारा. बसायला आधीच १७ इंच, त्यात दोन्हीकडून भक्कम भिंती. वडिलांना ते पिंजऱ्यासारखं वाटेल. शिवाय दाराजवळच्या रांगेत बसणाऱ्याने दार उघडायला मदत करणं अपेक्षित असतं. गुडघा अडणाऱ्या माणसाला क्रू तिथून उठवेल, आणि बरोबरच करेल. भिंतीसमोरच्या रांगेत बाळांचे पाळणे लागतात आणि टेकऑफ-लँडिंगला पिशवी पायाशी ठेवता येत नाही. तिसरा प्रकार बरा असतो: नेहमीच्याच सीट, फक्त पिच दोन-चार इंच जास्त. तिथे आर्मरेस्ट उचलता येतो. घ्यायचीच तर वडिलांसाठी ती एक घ्या, तिघांसाठी नको. रुंदी खरोखर विकत घ्यायची असेल तर प्रीमियम इकॉनॉमी हाच मार्ग. ७७७ मध्ये ती आठची, ७८७ मध्ये बहुधा सातची असते. सीट साडेअठरा ते साडेएकोणीस, आर्मरेस्टही जाड. तिघांचं परवडत नसेल तर एकट्या वडिलांना पुढे पाठवण्यात अर्थ नाही. चौदा तास त्यांचं औषध-पाणी कोण बघणार?

आता कोण कुठे बसेल. नवाच्या मांडणीतला मधला गट, डी-ई-एफ, तुमच्यासाठीच बनवल्यासारखा आहे. दोन्ही टोकांना वाट. आई एका टोकाला, वडील दुसऱ्या, मध्ये तुम्ही. आईला उठायला कुणाला उठवावं लागत नाही, वडिलांच्या खांद्यावरून कुणी चढून जात नाही, आणि तिघांतले दोन्ही आर्मरेस्ट तुमच्या मालकीचे: उचलून टाका. आर्मरेस्ट वर गेला की मधले दोन इंच परत मिळतात आणि दंड टेकला तर घरच्याच माणसाला टेकतो. टेकऑफ आणि लँडिंगला तेवढा खाली घ्यावा लागतो.

वडिलांना कोणतं टोक? नाकाकडे तोंड करून बसल्यावर ए ही डावीकडची खिडकी. म्हणजे डी ला वाट डाव्या हाताला, एफ ला उजव्या. वडिलांचा डावा गुडघा कडक, म्हणून डी. पाय वाटेच्या बाजूला तिरका सोडता येतो. मात्र ट्रॉली साधारण १२ इंच रुंद असते आणि वाट १७ ची, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच. बाहेर आलेला गुडघा किंवा झोपेत कललेला खांदा तिला हमखास लागतो. जेवणाची सेवा सुरू झाली की त्यांना आत सरकायला सांगायचं काम मधल्या सीटवाल्याचं. अक्षरं कंपनीगणिक बदलतात, कुठे मधला गट डी-ई-जी असतो, तेव्हा अक्षर पाठ न करता वाट कोणत्या हाताला आहे ते मॅपवर बघा.

दहाच्याच विमानात जायची वेळ आली तर मधला गट चारचा होतो आणि एक परका येतो. तिथे तिघांनी बाजूचा पूर्ण गट घेणं हा एक उपाय, पण मग आई आणि वडील यांतल्या एकालाच वाट मिळते. त्यापेक्षा वाटेच्या दोन्ही बाजूंना बसा: आई सी वर, तुम्ही बी वर, वडील पलीकडे डी वर. हात लांब केला तर पोचतो एवढंच अंतर. डी चा आणखी एक फायदा आहे. बाजूच्या गटात सी वर बसलेल्याला दोन माणसांसाठी उठावं लागतं, चारच्या गटात डी वाल्याला फक्त ई साठी, कारण एफ वाला जी कडून बाहेर जातो. न उठवता झोपायचं असेल तर मधल्या गटाचं टोक कधीही चांगलं.

शेपटीकडचा एक अपवाद सांगण्यासारखा आहे. दहाच्या बऱ्याच ७७७-३००ईआरमध्ये शेवटच्या काही रांगांत बाजूचे गट तिनाचे दोन होतात, कारण भिंत आत वळते. त्या जोडसीटांत खिडकी आणि सीटच्या मध्ये वीतभर जागा उरते आणि परका शेजारी नसतो. दोघांसाठी सोन्यासारखी जागा, आणि ती तुम्ही तिघं आहात म्हणून लागू पडत नाही असंही नाही: आई-वडील जोडीत, तुम्ही वाटेपलीकडे. मात्र मग आईला किंवा वडिलांना खिडकीत बसावं लागेल. बाकी तोटेही आहेत: जेवणाचा पर्याय तिथे पोचेपर्यंत संपतो, उतरायला सर्वांत उशीर, हादरे जरा जास्त जाणवतात, आणि अगदी शेवटच्या रांगेची पाठ कधी कधी पूर्ण मागे जात नाही. शेवटून दुसरी-तिसरी घ्या.

बसल्यावर करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. वाटेकडचा आर्मरेस्ट सहसा अडकलेला असतो, पण अनेक सीटांवर त्याच्या खालच्या अंगाला, पाठीजवळच्या बिजागरीपाशी एक कळ किंवा खाच असते. बोटाने चाचपून ती दाबली की तो वर जातो. कडक गुडघा घेऊन उठणाऱ्या माणसाला याचा फार उपयोग होतो, कारण आर्मरेस्टवरून पाय ओढावा लागत नाही. कळ सापडली नाही तर क्रूला विचारा, त्यांना ठाऊक असतं. पायाशी एखादा धातूचा डबा दिसला तर तो करमणुकीच्या यंत्रणेचा. तो वडिलांच्या सीटखाली असेल तर जागा आपसांत बदला. पट्टा अपुरा पडला तर विमानातच विनामूल्य जोड मिळतो, स्वतःचा नेऊ नका, बऱ्याच कंपन्या तो चालू देत नाहीत.

पाय सुजणं आणि रक्ताची गुठळी याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वय बघता लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संशोधनानुसार चार तासांहून जास्त बसून प्रवास केल्यावर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो छोटा आहे, निरोगी माणसांत सहा हजारांत एकाच्या आसपास. अरुंद सीटपेक्षा न हलणं हे त्याचं कारण. म्हणून आईचं दोन तासांनी उठणं ही तक्रार न मानता वडिलांनाही तिच्याबरोबर उठवा. बसल्या जागी टाचा टेकवून पंजे वर, मग पंजे टेकवून टाचा वर, असं दर तासाला वीस-पंचवीस वेळा. वडिलांना आधी गुठळी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर दाबाचे मोजे आणि औषधाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. मोजे मापाचे हवेत. गुडघ्याखाली गोळा होणारा घट्ट मोजा उलट अपाय करतो.

राहिली तक्रार. सीट किती रुंद असावी याचा नियम हाताशी नाही, त्यामुळे ‘नियम मोडला’ असं म्हणता येणार नाही. नियम आहेत ते जीव वाचवण्याचे. अमेरिकी नियमांत वाटेची किमान रुंदी ठरलेली आहे: मोठ्या विमानात जमिनीपासून २५ इंच उंचीपर्यंत १५ इंच, त्याच्या वर २०. आर्मरेस्टच्या वर सीटची पाठ आत झुकलेली असते, म्हणून खाली १७ असून वरचे २० भरतात. दुसरा नियम असा की निम्मी दारं बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर आले पाहिजेत. २००६ मध्ये ए३८० च्या चाचणीत ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर पडले होते. अमेरिकी काँग्रेसने २०१८ च्या कायद्यात सीटची किमान मापं ठरवायला सांगितलं. त्यापायी एफएएने, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामक संस्थेने, ओक्लाहोमा सिटीत ७२० स्वयंसेवक घेऊन चाचण्या केल्या. पण त्यात सगळे १८ ते ६० वयाचे, धडधाकट. तुमच्या वडिलांसारखा एकही गुडघा त्या मोजणीत नव्हता, आणि खांद्यांचा आराम तर विषयच नव्हता.

म्हणून भरपाई मिळण्याची आशा धरू नका, पण लिहा जरूर, आणि ‘फार अडचण झाली’ एवढंच लिहू नका. उड्डाण क्रमांक, तारीख, सीट क्रमांक, ‘पूर्वी नऊ, आता दहा’ आणि ‘पुढचं तिकीट तीन जणांचं आहे, ते या कारणाने दुसरीकडे काढतो आहे’ हे शेवटचं वाक्य. कंपनीला तेच वाचता येतं. २०२५ मध्ये कोरियन एअरने काही ७७७ नवावरून दहावर न्यायचं ठरवलं होतं. प्रवाशांनी गदारोळ केल्यावर तो बेत मागे घेतला. असं क्वचित होतं, पण होतं.

ए३५० चं बुकिंग झालं की सीट त्याच दिवशी निवडून ठेवा. पैसे भरले असतील तर पावती आणि सीट मॅपचा स्क्रीनशॉट दोन्ही जपा. विमान बदलायचा हक्क कंपनी राखून ठेवते, आणि ते बदललं की निवडलेल्या सीट नव्या मांडणीत आपोआप कुठेही पडतात. त्याचा मेल दर वेळी येतोच असं नाही. प्रवासाच्या महिनाभर आधी एकदा, ७२ तास आधी एकदा आणि ऑनलाइन चेक-इन उघडताच एकदा, असं तीन वेळा मॅप उघडून अक्षरं मोजा. डी-ई-एफ फुटलेलं दिसलं तर लगेच फोन करून सांगा की सोबत गुडघ्याचा त्रास असलेला ज्येष्ठ प्रवासी आहे आणि व्हीलचेअर नोंदवलेली आहे. तीन सीट एकत्र हव्यात, त्यातली एक डाव्या हाताला वाट असलेली, हे नेमक्या शब्दांत मागा. पैसे भरलेली सीट कंपनीने स्वतः बदलली असेल तर त्या पैशांचा परतावा त्याच फोनवर मागून घ्या आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.